ताईच्या फोटोसाठी दुसरी लेन्स

सत्तरच्या दशकात लग्नासाठी मुलगी आधी फोटोत बघायचे आणि माझी ताई फोटोतच नापास व्हायची. भिवंडीतल्या स्टुडिओवाल्याने तिच्या चेहऱ्यावर ब्रश फिरवून फिरवून तिला पार मेणाची बाहुली केली होती. तोच फोटो स्थळांकडे जायचा आणि नकार घेऊन परत यायचा. आता कल्याणचं एक चांगलं स्थळ आलं होतं. मी फुशारकीने बोलून बसलो, "या वेळी फोटो मी काढतो."

माझा जुना रशियन कॅमेरा जवळून चेहरा काढला की नाक फुगवायचा. म्हणून मुंबईहून दुसऱ्याच कंपनीची, लांबून चेहरा घेणारी जुनी लेन्स आणली. ती कॅमेऱ्यावर बसेना. मग धामणकर नाक्यावर कापडाच्या लूमचे पार्ट बनवणाऱ्या लेथवाल्याकडून मधे घालायला पितळी रिंग करून घेतली. "बिनधास्त लगाव, साब," तो म्हणाला. बिनधास्त होणं माझ्या कुंडलीतच नाही.

या कॅमेऱ्यात लेन्समधून दिसतच नाही, शेजारच्या बारीक खिडकीतून बघायचं. कॅमेऱ्याची स्वतःची लेन्स असली की फोकस जमला की नाही ते खिडकीत कळतं. परक्या लेन्सचं त्या खिडकीला काही कळत नाही. म्हणजे टेपने अंतर मोजायचं, लेन्स त्या आकड्यावर लावायची आणि देवाचं नाव घ्यायचं. रिंग जराशी चुकली असली तर सगळंच मुसळ केरात.

शेजारचे लूम चालले की आमची जमीन थरथरायची, म्हणून त्यांच्या सुट्टीच्या दिवशी ताईला स्टुलावर बसवलं. टेप तिच्या नाकापर्यंत नेली, फोटो काढला. लगेच शंका आली, पुन्हा मोजलं, पुन्हा काढला, असं चारपाच वेळा. "अरे, फोटो काढतोयस की ब्लाउज शिवतोयस?" ती म्हणाली. हळूहळू तिचं हसू आटलं. शेवटी ती ताडकन उठली आणि मागे भिंतीला टेकली. "मेल्या, आता नाही बसायची मी!" मी इतका दचकलो की बटण दाबलं गेलं.

फोटो धुऊन आले. पाकीट उघडलं. भिंतीचे पोपडे स्पष्ट, कॅलेंडरवरच्या तारखा वाचता येत होत्या, पुढे बसलेली ताई मात्र धुक्यात. लेथवाल्याची रिंग जरा पातळ झाली होती, सगळा फोकस तिच्या मागे पडला होता. एकच फोटो लख्ख आला होता. भिंतीला टेकलेली ताई, कपाळावर आठी, डोळ्यांत राग.

"चुलीत घाल तो कॅमेरा," आई म्हणाली. "असली रागीट मुलगी कोण करेल? स्टुडिओतलाच देऊ." स्थळ माझ्यामुळे जाणार, ही भीती मलाही होती.

ताईने तो फोटो उचलला, उजेडात नेऊन बघत राहिली. "हाच पाठवा," ती म्हणाली. "नको म्हणाले, तर निदान मला बघून तरी म्हणतील."