गाठीतला दुसरा

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. लग्नघरी पोरासोरांना भुताच्या गोष्टी सांगून रडवणारा मीच, आमच्या वणीत कुणालाही विचारा! पण ही गोष्ट रंगवायची गरजच पडली नाही...

माझा मेहुणा विनोद इथल्या एका जुन्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये कामाला आहे. तिथे एक रीत आहे. रुईची गाठ दाबण्याआधी मुकादम प्रेसच्या लोखंडी पेटीत वाकून ओरडतो, "आत कोणी हाये का?" आणि उत्तराची वाट बघतो. म्हणे, इंग्रजांच्या काळात पेटीत उतरून पायाने रुई तुडवणारा एक गडी गाठीतच दाबला गेला. गाठ रेल्वेने मुंबई बंदरात पोचली, तेव्हा तिच्यावर रक्ताचा डाग दिसला. माल खराब झाला म्हणून साहेबाने ती धक्क्यावरून समुद्रात ढकलायला लावली. गडी काही घरी परतला नाही.

मागच्या हंगामात भरदुपारी मी विनोदचा डबा घेऊन गेलो. गेलेली लाइट नुकतीच आली होती. विनोद दिसेना.

"चहा प्यायले गेला असन," म्हणत मुकादम पेटीकडे वळले.

"मुकादम, साहेब कवाचे गेले विलायतेले! आता कोणाले आवाज देता?" मी टोमणा मारला.

"भाऊ, तुमी गप राहा ना..." ते वाकले. "आत कोणी हाये का?"

"हाये." आतून आवाज आला — घोगरा, तोंडात पाणी भरल्यासारखा. "दोघं हावो."

मुकादमांनी मशीन बंद करून भराभर रुई उपसायला लावली. तळाशी विनोद सापडला. लाइट नसताना अडकलेली रुई सोडवायला उतरला होता, आणि धुळीने गुदमरून बेशुद्ध पडला होता. एकटाच. रुई कोरडी ठणठणीत, पण त्याचा उजवा हात मनगटापर्यंत ओला. आणि त्याला वास... मी मुंबईला एकदाच गेलोय, पण समुद्राचा वास माणूस विसरत नाही.

दवाखान्यात डोळे उघडल्यावर त्याने पहिलं काय विचारलं असेल?

"भाऊजी, दुसऱ्याले काढलं का?"

"कोणता दुसरा रे?"

"माहा हात धरून होता ना तो. म्हणे, मले बी घरी जायचं हाये."

दुसऱ्या दिवशी तीच रुई पुन्हा पेटीत भरली. मुकादमांनी आवाज दिला, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ थांबले. उत्तर आलं नाही. मग गाठ दाबली.

ट्रकवाल्याला विचारलं, "कुठं चालला माल?"

"मुंबई. बंदरावर."

तो आदल्या दिवशीच घरी गेला, की पुन्हा त्याच गाठीत समुद्राकडे निघाला, याचा उलगडा मला आजही झालेला नाही. ट्रक निघताना मुकादमांनी त्या गाठीपुढे हात जोडले... आणि मला, मला हो, एक टोमणाही सुचला नाही.