मेलबरोबर गेलेलं नाव

हिंगोली जिल्हा नवा होता तेव्हाची गोष्ट. वसमतजवळच्या एका निवासी शाळेत मी कारकून होतो. शाळेत कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला एक कंत्राटी ऑपरेटरही आला. वर्षभरानं त्याला दुसरीकडे चांगली नोकरी लागली. जाताना त्यानं मला खुर्चीत बसवून शिकवलं, "मेल लिहायचा, वर नावाचं पहिलं अक्षर दाबायचं. बाकी नाव मशीन बराबर आणते. दुसऱ्या कशाला हात लावू नका."

जिल्ह्याच्या कार्यालयातल्या साहेबांना दर आठवड्याला मुलांची हजेरी पाठवावी लागे. त्यासाठी इंग्रजी 'एल' दाबायचा. पडद्यावर नाव यायचं, 'लंगडा साहेब'. साहेबांचा एक पाय लहानपणीच्या पोलिओनं गेलेला होता. ते नाव वाचून मला कसंनुसं व्हायचं. मी मुख्याध्यापकांना दाखवलं.

"आपल्याच मशीनमधी हाय ना?" ते म्हणाले. "त्यांना काय दिसून राहिलं? चालतंय तर चालू द्या."

मलाही ते पटलं.

पावसाळ्यात एकदा हजेरीचा आकडा चुकला. साहेबांचं उत्तर आलं. चूक कुठे आहे ते दोन ओळींत, अगदी नीट समजावून लिहिलेलं. त्याखाली आमचाच मेल जोडून आला होता आणि तो कोणाला पाठवला त्या जागी तेच नाव होतं. मी तसाच उठलो आणि वसमतला कॉम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्याकडे गेलो.

"पत्त्यांच्या यादीत तुमी जे नाव ठेवता तेच समोरच्याला दिसतं," तो म्हणाला.

"पहिल्यापासून दिसत असंल?"

"व्हय. काहून, काय झालं?"

"काही न्हाई," म्हणून मी निघालो.

शाळेत येऊन ती यादी मी पहिल्यांदाच पूर्ण उघडली. मुख्याध्यापकांच्या पत्त्यासमोर 'म्हातारं' होतं. माझ्या पत्त्यासमोर 'तांडा'. बंजाऱ्यांच्या तांड्यावर जन्मलो ते खरंच होतं. पण ही नावं ठेवणाऱ्या त्या ऑपरेटरच्या शेजारी बसून वर्षभर चहा प्यालो होतो, आणि तो मला भाऊ म्हणायचा.

मग एकेक नाव बदललं. साहेबांचं पूर्ण नाव पदासकट घातलं आणि माफीचा मेल लिहायला घेतला. नाव आम्ही ठेवलेलं नाही, आम्हाला ते तिकडे दिसतं हे ठाऊक नव्हतं, आता दुरुस्त केलं आहे, असं सगळं लिहिलं. सवयीनं 'एल' दाबला, नाव न बघताच मेल पाठवला. नंतर पाठवलेल्या मेलमध्ये बघतो तर तिथं पुन्हा लंगडा साहेब. त्या भल्या ऑपरेटरनं साहेबांचा पत्ता यादीत दोनदा घातला होता आणि मी एकच बदलला होता. इंटरनेट फोनच्या तारेवर चालायचं, ती तार मी उपटली. पण मेल कधीच गेलेला होता.

साहेबांच्या कार्यालयातल्या पुढच्या बैठकीला हिंगोलीला गेलो. बैठक संपली, लोक पांगले. साहेब कागद आवरत होते. मी जवळ गेलो.

"साहेब, ते मेलवरचं नाव..."

"पोचला तुमचा मेल," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "आता बदललं का?"

"बदललं साहेब. दोन्हीकडं बदललं."

"बरं."

मलाही त्या यादीत काय म्हटलं होतं ते सांगावंसं वाटत होतं. पण सांगितलं तर आपण आपलंच गाऱ्हाणं पुढे केलं असं त्यांना वाटेल म्हणून जीभ रेटेना. ते बाहेर पडले, कठड्याला धरून जिना उतरू लागले. मी मागे होतो. हात द्यावा तरी पंचाईत, न द्यावा तरी पंचाईत. मधेच थांबून ते बाजूला झाले.

"व्हा तुम्ही पुढं."

"न्हाई साहेब, मला घाई न्हाई."

ते पुन्हा उतरू लागले. शेवटच्या पायरीपर्यंत मी त्यांच्या मागे एकेक पायरी उतरत राहिलो. पुढे त्यांची बदली झाली. निरोपाला आमच्या शाळेतून मुख्याध्यापक गेले, मला चल म्हणाले, पण माझं जायचं धाडस झालं नाही.