चौथ्या लाइनमधली निखिलची जागा

निखिल वारला म्हणून लुकासला टीममध्ये जागा मिळाली.

वाचायला कसंतरीच वाटतं ना? मलाही लिहिताना वाटलं. पण खरं तेच आहे, आणि आज त्याला वर्ष झालं.

नव्या मित्रांसाठी सांगतो. जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनमधली इंजिनिअरची नोकरी सुटल्यावर मी इथल्या एका प्रोफेशनल आइस हॉकी टीमचं सामान सांभाळायला लागलो. स्केटला धार लावायची, जर्सी धुवायच्या. पुण्याच्या समस्त नातेवाइकांनी मला वेड्यात काढलं.

टीममध्ये मला सगळे "काका" म्हणतात. जर्मन पोरं हा शब्द ऐकून खिदळतात; त्यांच्याकडे लहान मुलं शीला 'काका' म्हणतात.

हे नाव रुजवलं निखिलनं. माझ्या जुन्या मित्राचा आणि वंदनावहिनींचा मुलगा. जन्म श्टुटगार्टचा. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

आइस हॉकीत फॉरवर्डच्या चार लाइन असतात, प्रत्येकीत तिघे. पहिल्या दोन लाइनवाल्यांचे फोटो पोस्टरवर लागतात. चौथी लाइन थोडा वेळ बर्फावर जाते, धडका देते, अंगावर पक, म्हणजे ती कडक रबरी चकती, झेलते आणि परत येऊन बेंचवर बसते.

त्या चौथ्या लाइनमधल्या शेवटच्या जागेसाठी दोघं झगडत होते. निखिल आणि लुकास.

कोच तोंडानं काही सांगत नसे. प्रॅक्टिसच्या आधी मी प्रत्येकाच्या खुंटीवर जर्सी अडकवायचो, ज्याच्या त्याच्या लाइनच्या रंगाची. चौथ्या लाइनला हिरवी. जो उरला, त्याला राखाडी. निखिल आत आला की आधी खुंटीकडे बघायचा, मग मला गुटन मॉर्गन.

एकदा मी धार लावत होतो, तर शेजारी येऊन बसला.

"काका, लुकासचा डावा घोटा मुरगळावा असं मला रोज वाटतं. मी वाईट आहे का?"

"आहेस," मी म्हणालो. "पण तुझ्यासारख्यांनीच लॉकर रूम भरलीय."

खूप हसला होता तेव्हा.

मग एका सकाळी रस्त्यावर बर्फ साचला होता आणि प्रॅक्टिसला येताना त्याची गाडी घसरली. मी अजूनही त्या वळणावरून जात नाही. वाट वाकडी करतो.

निखिलची खुंटी आम्ही रिकामी ठेवली. लुकासला हिरवी मिळाली.

आणि मग ते सुरू झालं.

मी हिरवी जर्सी लुकासच्या खुंटीवर लावायचो. कॉफी घेऊन परत यायचो, तर ती निखिलच्या खुंटीवर. लुकास गपचूप राखाडी घालून बसलेला. कोचला वाटायचं हा माझा उद्योग. मला वाटायचं कोचचा.

एका सोमवारी सगळ्यांच्या आधी मी आलो. कुलूप मीच उघडलं. जर्सी निखिलच्या खुंटीवर होतीच. हात लावला तर ओली. घामानं ओली, आणि कोमट. आदल्या संध्याकाळी मीच ती धुऊन, वाळवून, घडी करून ठेवली होती.

मी सरळ बाहेर पळालो. खोटं कशाला बोलू?

बर्फावरही धड काही चालू नव्हतं. चौथ्या लाइनचा सेंटर, म्हणजे मधला खेळाडू, पाउल. गोलच्या उजवीकडे न बघता पास द्यायची त्याला सवय, कारण निखिल तिथं असायचाच. आता तिथं कोणी नसायचं, तरी हा पास द्यायचाच. कोच ओरडायचा.

पाउल म्हणायचा, "पण पास मागायला तो स्टिक आपटतो ना, तसा आवाज आला मला!"

सीझनची शेवटची मॅच आली. कोचनं लुकासला बजावलं होतं, या मॅचला खेळला नाहीस तर पुढच्या वर्षी तुझा करार नाही. तरी मॅचच्या सकाळी प्रॅक्टिसला स्वारी राखाडीतच. मी वैतागून त्याला धारेच्या खोलीत ओढलं.

"जर्सी तूच बदलतोस ना?"

तो रडायलाच लागला. "काका, मी रोज मनात म्हणायचो, निखिलला काहीतरी होऊ दे. मला त्याचा खांदा हवा होता. फक्त खांदा. एवढं नव्हतं मागितलं मी."

"तो तुझा डावा घोटा मागायचा," मी म्हणालो. "रोज."

हसावं की रडावं, त्याला कळेना.

"आल्झो, चल, आता हिरवी घाल. आणि त्या सोमवारी ओली जर्सी लावून मला घाबरवायचं काही कारण नव्हतं."

"सोमवारी?" त्यानं डोळे पुसले. "मी म्युनिकला आईकडे होतो. त्या दिवशी प्रॅक्टिसलाच आलो नव्हतो."

मी पुढं काही विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

मॅचला वंदनावहिनी आल्या, निखिल गेल्यानंतर पहिल्यांदाच. बेंचच्या मागे माझ्याजवळ उभ्या राहिल्या. लुकास हिरमुसलेल्या चेहऱ्यानं का होईना, पण बर्फावर उतरला.

शेवटच्या पिरियडमध्ये पाउलनं पुन्हा तेच केलं. उजवीकडे, न बघता. लुकास फार लांब होता.

पक तिथपर्यंत गेला

आणि थांबला.

मी इंजिनिअर आहे. गुळगुळीत बर्फावर वेगात आलेला पक असा मध्येच थांबत नाही. हा थांबला. कोणीतरी अडवून धरावा तसा, लुकास पोचेपर्यंत.

लुकासनं मारला. गोल.

सगळं स्टेडियम उड्या मारत होतं. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. गोलकडे बघतच नव्हत्या, त्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या.

"भावजी, त्यानं दिला हो," त्या म्हणाल्या. "लहानपणी साधी बाहुली कुणाला देत नव्हता."

लुकासचा करार झाला. यंदाही तो चौथ्या लाइनमध्येच आहे, आणि बरा खेळतो.

निखिल, बाळा, तुझी फार आठवण येते रे. आता निवांत राहा.

तुझ्या काकाचा तुला नमस्कार.