पुरावाकाका आणि खिशातलं गाणं

पुरावाकाका कुणालाही एक प्रश्न एकदाच विचारून सोडत नसत. आज विचारला की पुढच्या रविवारी तोच प्रश्न जरा वाकड्या वाटेने पुन्हा यायचा, जणू आत्ताच सुचलाय. मग दोन्ही उत्तरं ते मनात ताडून बघत. गंमत अशी, की उत्तरं तंतोतंत जुळली तरच त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "चुकत चुकत सांगस, त्यो खरा," ते त्यांच्या आहिराणीत म्हणत. "घडाघड बोलस, त्यो पाठ करीसन ऊना," म्हणजे पाठ करून आला.

सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका डाईंग मिलमध्ये ते कापडाचे ताके तपासायचे. मागून दिवा, पुढून कापड सरकतंय, आणि यांची नजर डाग शोधतेय, असा जन्म गेलेला. ती सवय मिलच्या फाटकापाशी ठेवून यायला त्यांना काही जमलं नाही. चहाचा ग्लास हातात आला तरी आधी उजेडाकडे धरून बघायचे आणि मगच ओठाला लावायचे. आता ते नाशिकला असतात, असं ऐकते. 'ऐकते' मुद्दाम म्हणते. त्यांच्या हाताखालून गेलेल्या माणसाने ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच सांगावी.

आमची ओळख झाली ती सुरतेतल्या भेस्तानला, लोचोच्या गाडीवर; लोचो म्हणजे डाळीच्या पिठाचा मऊ सुरती नाश्ता. रविवारी सकाळी आम्ही तिथे जमायचो, आम्ही म्हणजे 'कांडी'चे चाहते. 'कांडी' हा चार पोरांचा रॉक बँड. चौघांचेही बाप कधी ना कधी सुरतेच्या लूमवर उभे राहिलेले, म्हणून बँडला लूमवरच्या सुताच्या कांडीचं नाव. त्यांचा कार्यक्रम कुठेही झाला, की जो जाऊन आला त्याने पुढच्या रविवारी बाकीच्यांना तो सांगायचा. वाफाळता लोचो समोर, त्यावर तेल-मसाला, आणि सांगणाऱ्याभोवती कोंडाळं. टेंपो चालवणारा हेमंत सांगायला लागला की त्याचा लोचो हमखास गार व्हायचा.

आजकाल कार्यक्रम सांगायचा कशाला, मोबाईलवर दिसतो की, असं कुणी म्हणेल. त्याचं कारण खिशातलं गाणं. प्रत्येक कार्यक्रमात मध्येच ड्रमवाला दोन्ही काठ्या फुली करून डोक्यावर धरायचा. तसं झालं की सगळ्यांनी मोबाईल खिशात घालायचे, दिवे मालवायचे, आणि गाणारा पोरगा माईक बाजूला ठेवून एक गाणं म्हणायचा. प्रत्येक वेळी वेगळं. ते कुणी टिपायचं नाही, लिहायचं नाही, ग्रुपवर टाकायचं नाही. समोर बसून तोंडी सांगायचं, बस. आणि ज्याने स्वतः कधी एखादं आणून सांगितलंय त्यालाच दुसऱ्याचं ऐकायला मिळायचं. हा नियम कुणी केला ठाऊक नाही, पण आम्ही तो देवाच्या नेमासारखा पाळायचो.

अशा कोंडाळ्याच्या कडेला एक दिवस हा साठीचा माणूस येऊन उभा राहिला. पांढरा सदरा, काखेत कापडी पिशवी, आणि तोंडात पहिलाच प्रश्न, "सुरतना कारेक्रमले तुम्हीन व्हतात का?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. डुमस रोडच्या पार्टी प्लॉटवर, म्हणजे लग्नाकार्याला भाड्याने देतात त्या मैदानावर, झालेल्या कार्यक्रमाला आम्ही सगळेच होतो. पण त्याच्याशी या गृहस्थाला काय करायचंय?

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. आमच्यातल्या निम्म्या पोरींनी घरी 'मैत्रिणीकडे अभ्यासाला' असं सांगितलेलं. त्यामुळे पहिला संशय, हा कुणाचा तरी बाप. हेमंतच्या मते साध्या वेशातला पोलीस. कतारगामची भाविका थेट होती. ती पुढे झाली आणि तिने विचारलंच, "काका, तमे कोण छो?"

"मानूस शे," काका म्हणाले, आणि त्यांनी लोचो मागवला.

ताकास तूर लागू देतील तर शपथ. दर रविवारी यायचे, कडेला बसायचे, ऐकायचे, आणि कुणी रंगात आलं की हळूच विचारायचे, "फोटो नही, व्हिडिओ नही. मंग पुरावा काय?" त्यावरूनच पुरावाकाका नाव पडलं. कुठेतरी पाणी मुरतंय हे सगळ्यांना कळत होतं, कुठे ते कळत नव्हतं. ते आले की आम्ही आवाज खाली आणायचो. आम्ही आवाज खाली आणला की त्यांचा संशय वाढायचा, आणि तो वाढलेला दिसला की आमचा.

पण हेमंतच्या टॉवेलचं प्रकरण झालं आणि मला त्या माणसाचा लळा लागला. गाणाऱ्या पोराने घाम पुसून टॉवेल भिरकावला आणि तो आपण झेलला, ही हेमंतची आवडती कथा. पुरावाकाकांनी टॉवेल मागून घेतला, उजेडाकडे धरला, कड चाचपली आणि शांतपणे विचारलं, "कोनता हातमा झेला?" उजव्या, हेमंत म्हणाला. पुढच्या रविवारी, "त्या येळे मोबाईल कोनता हातमा व्हता?" उजव्याच. मग ते नुसते लोचो खात राहिले. हेमंतच कासावीस झाला आणि टॉवेल उधन्याच्या बाजारातून घेतल्याचं त्याने आपणहून कबूल केलं. आम्ही हसून हसून बेजार. काका मात्र हसले नाहीत. "जाऊ दे," ते म्हणाले, "टॉवेल चांगला शे. डाग नही."

हळूहळू एक लक्षात आलं. बाकीच्या कार्यक्रमांबद्दल ते सवयीने विचारायचे, पण पोटतिडकीने विचारायचे ते एकाच गोष्टीबद्दल. सुरतच्या कार्यक्रमातलं खिशातलं गाणं कोणतं होतं? आम्ही सांगत नव्हतो. नियम म्हणजे नियम, आणि संशयिताला तर दुप्पट नियम. भाविकाने त्यांना सुनावलं, "काका, पहेले तुम एक लाओ. फिर सुनो."

सुंठीवाचून खोकला गेला असं आम्हाला वाटलं. दोन रविवार ते आलेच नाहीत. तिसऱ्या रविवारी आले ते थेट कोंडाळ्याच्या मधोमध बसले. बारडोलीला 'कांडी'चा कार्यक्रम झाला होता आणि पुरावाकाका तो बघून आले होते. कानात कापसाचे बोळे घालून, पिशवीत डबा घेऊन, पोरापोरींच्या गर्दीत, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत उभे.

त्यांनी जे सांगितलं तसं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ड्रमवाल्याच्या एकाच पायात चप्पल होती. गिटारवाल्याच्या शर्टाची बाही उसवलेली होती, तीही शिवणीत नाही, कापडातच. गाण्यांबद्दल अवाक्षर नाही. आणि खिशातलं गाणं? "ते बरं व्हतं," ते म्हणाले. मग पुढे म्हणाले, "एक पोऱ्या चोरीसन व्हिडिओ लेत व्हता. मी त्याना हात धरा. म्हनं, ठेव खिसामा." हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. आमच्यातला कुणी बोलला असता तसाच वाटला मला, आणि मी हेमंतला म्हटलं, आता सांगूया.

सांगणं त्यांनी त्यांच्या पद्धतीने घेतलं. तिघांना वेगवेगळं, गाडीपासून लांब नेऊन. आधी हेमंत, मग भाविका, शेवटी मी. हेमंत म्हणाला पाचवं गाणं, मी म्हणाले सातवं. भाविकाला गाणाऱ्याचा सदरा काळा आठवत होता, मला निळा. पण एका गोष्टीवर तिघंही एक होतो. गाणाऱ्याने आजीची आहिराणी अंगाई धरली होती, 'मामा ऊना गावथीन, बोरं लई ऊना', आणि पुढची ओळ तो विसरला. तेवढ्यात मागून, जनरेटरच्या बाजूने, अंधारात एका मुलीने पुढची ओळ उचलली. एकटीने. गाणाऱ्याने तीच ओळ घेतली आणि गाणं पुरं केलं. ती कोण, हे आम्हाला कधीच कळलं नाही. आमच्यात तिचं नाव नुसतं 'ती पोर'.

"कोनती ओळ?" काकांनी विचारलं.

मला सूर जमत नाही, पण मी म्हटली. 'बाप ऊना पाळीवरथीन, पोर जागीच शे.'

ते खाली बसले. बाकडं नव्हतं तिथे, फुटपाथवरच बसले. मला वाटलं चक्कर आली, मी हेमंतला हाक मारली, भाविका पाणी घेऊन धावली. पाण्याचा ग्लास त्यांनी उजेडाकडे धरला नाही, तसाच तोंडाला लावला.

"हाई ओळ कोनाच घरमा नही," ते म्हणाले. "मन्हा मायनी जोडेल शे." त्यांची मुलगी जयश्री पाळण्यात असताना त्यांची दुसरी पाळी असायची. बाप घरी आल्याशिवाय पोर डोळा मिटायची नाही, म्हणून आजीने वैतागून ती ओळ गाण्यात घातली होती. त्या कार्यक्रमाच्या दिवशी जयश्री उशिरा घरी आली. कुठे होतीस, तर 'कांडी'च्या कार्यक्रमाला. दाखव फोटो, तर खिशातल्या गाण्यापुरतीच थांबले होते आणि तेव्हा मोबाईल सगळ्यांनी खिशात ठेवले होते म्हणाली. काकांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. जिथे आख्खी सुरत मोबाईल वर करून उभी राहते तिथून ही एकटीच रिकाम्या हाताने आली? नाही नाही ते बोलले. पोरगी धुळ्याला मामाकडे गेली आणि तिथून नोकरी धरून नाशिकला. आईशी बोलते, बापाशी नाही. त्या दिवसापासून हा माणूस रविवारी रविवारी आमच्यात पोरीचा खरेपणा तपासत बसला होता, आणि आम्ही त्याला पोलीस समजत होतो. मला भडभडून आलं, आणि रागही आला. पोटच्या पोरीला कुणी दिव्यापुढे धरतं का?

पुढच्या महिन्यात 'कांडी' नाशिकला जाणार होतं. ती येणारच, आम्ही म्हटलं. बरोबर येऊ का विचारलं, तर नको म्हणाले.

ते पुन्हा आले ते नाशिकचा कार्यक्रम बघून, मिलचं काम सोडून, खोली रिकामी करायला. त्यांचा आमच्यातला तो शेवटचा रविवार. आम्ही त्यांना मधोमध बसवलं. सांगताना ते सारखे चुकत होते. जयश्री फाटकापाशी भेटली म्हणाले, मग म्हणाले, नाही, पाण्याच्या टाकीपाशी. तिची ओढणी हिरवी होती, नाही, पिवळी. त्यांनी तिला सांगितलं की मी तपासलं, तीन माणसांना वेगवेगळं विचारलं, तू खरं बोलत होतीस. त्यांना वाटलं होतं पोर हसेल. ती म्हणाली, "मी सांगं तवय नही चालनं, बाबा. लोकेस्नी सांगं तवय चालनं?"

ती पाठ फिरवून गर्दीत चालू लागली. काका मागे मागे. तेवढ्यात ड्रमवाल्याने काठ्या फुली केल्या आणि दिवे गेले. आपली पोर कुठे आहे तेही दिसेना, तेव्हा ते होते तिथेच उभे राहिले. "मंग कोनी तरी मन्ही बाही धरी," ते म्हणाले. "गानं सरेपावत सोडी नही."

लोचोवाल्याचा हातसुद्धा थांबला होता. हेमंतला गप्प राहणं जमत नाही, आणि टॉवेलचं त्याने मनात ठेवलेलं. त्याने अगदी काकांच्याच आवाजात विचारलं, "फोटो नही, व्हिडिओ नही. मंग पुरावा काय, काका?"

काकांनी चहाचा ग्लास उचलला, उजेडाकडे न बघता एक घोट घेतला.

"पुरावा नही," ते म्हणाले. "दोन्हीस्ना मोबाईल खिसामा व्हतात."