सालदाराला कोणी मारत नाही

"पात संपू दे," ती म्हणाली आणि पुन्हा खाली बसली.

फोनवर तिच्या मुलासोबत परदेशात कामाला असलेला केनवडचा आचारी होता. मी तिच्या बाजूच्याच ओळीत होते, मला सगळं ऐकू आलं. तळावर रॉकेट आलं, कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडलं, तुमचा पोरगा गेला. तिने फोन बंद करून कमरेला खोचला आणि खुरपं उचललं. आम्ही बाया उभ्याच राहिलो. ती एकटी सोयाबीनमधलं गवत काढत धुऱ्यापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत गेली. मागे एक काडी ठेवली नाही. मग धुऱ्यावर बसली ती उठेना. आम्ही दोघींनी काखेत हात घालून तिला घरी आणलं.

तुम्ही म्हणाल, कशी ही आई. आमच्या टोळीत कोणी तसं म्हटलं नाही. उठली असती तर तेव्हाच पडली असती.

ती आमची मुकादमीण. रिठदच्या शिवारात निंदणाला बाया लागल्या की शेतकरी तिलाच सांगायचे. सकाळी ती प्रत्येकीला पात लावून द्यायची, म्हणजे कोणी कोणत्या ओळी निंदायच्या ते ठरवायची. भांडण झालं की तिचं एकच म्हणणं, "आपली पात पाह्य वो." एकदा दोघी ठेच्याच्या डब्यावरून एकमेकींच्या झिंज्या धरायला उठल्या. मी मध्ये पडले, तर मलाच म्हणाली, "तुले कोनं बलावलं? त्यायचा ठेचा, त्यायच्या झिंज्या." त्या दोघी हसायला लागल्या. मला मात्र दिवसभर राग होता.

तिचा मुलगा आखातात होता. तिथे अमेरिकेच्या फौजेचा तळ आहे, त्याच्या भटारखान्यात तो भांडी घासायचा. केनवडचा आचारी आधीपासून तिथे होता, त्यानेच नेला. अमेरिकेला ती 'बडं घर' म्हणायची. "पोरगा बड्या घरी सालदार हाय," असं सांगायची. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. तिचा नवरा जन्मभर तेच होता, तिच्याजवळ दुसरा शब्द नव्हता.

मग तिकडे दोन देशांची जुंपली. संध्याकाळी विहारापुढच्या ओट्यावर कोणी ना कोणी मोबाइलवर बातम्या लावायचं, तिथे ती येऊन बसायची. अमेरिकेचा पुढारी म्हणतो, दुसऱ्याच्या लढाईत आता आमची माणसं जाणार नाहीत, आम्ही आमचं घर पाहू, असं आम्हाला समजावून सांगितलं. ती खूश झाली.

"पाह्य, हा बी आपली पात पाह्यते."

"मंग त्यातल्या एकाले बॉम्ब कायले देऊन राह्यला?" मी विचारलं.

"देऊ दे. बडं घर काठ्या देते, स्वतः उतरत नाही."

पुढे त्यांची जहाजं समुद्रात येऊन थांबली. ती म्हणाली, "धुऱ्यावर उभा हाय. वावरात नाही आला." आणि एक दिवस कळलं की त्यांचीच विमानं जाऊन बॉम्ब टाकून आली. त्या सकाळी पाती लावताना तिने एकच ओळ दोघींना लावून दिली. असं कधी झालं नव्हतं.

दुपारी आम्ही भाकर खायला बसलो तेव्हा मुलाचा फोन आला.

"आई, इथले लोकं घरी जाऊन राह्यले. विमानं चालू हायेत तवर येऊ काय मी?"

आम्ही सगळ्या तिच्याकडे पाहत होतो. ती म्हणाली, "तू कोनाचा हायेस?"

"म्हंजे?"

"ना ह्याचा, ना त्याचा. तू सालदार हायेस. सालदाराले कोनी मारत नाही. गुमान राह्य तिथंच."

हे तिने मनाने काढलेलं नव्हतं. आमच्या गावात दोन मोठ्या घरांत धुऱ्यावरून काठ्या चालल्या होत्या, मी पाहिल्या आहेत. डोकी फुटली होती. तिचा नवरा एका घरचा सालदार, बैल धरून मधोमध उभा. दुसऱ्या घरचा एक जण काठी उगारून धावत आला, त्याला ओळखलं आणि म्हणाला, "बाजूले हो रे, तुले लागंन." ती रीतच होती. गडी पोटासाठी उभा असतो. त्याच्यावर हात टाकला तर गाव तोंडावर थुंकायचं.

मी म्हटलं, "तिकडची रीत तुले काय माहीत?"

"तू तुही पात पाह्य," ती म्हणाली.

मुलगा राहिला.

मुलाच्या देहाची पेटी आली ती उघडायची नाही असं सांगितलं होतं. तिनेही उघडा म्हटलं नाही. नंतर आचारी तिथलं काम सोडून गावी आला, तो केनवडहून भेटायला आला. मोठा जाडजूड माणूस, दारातच रडायला लागला. म्हणाला, भोंगा वाजला की शिपायांना उतरायला जमिनीखाली पक्क्या खोल्या होत्या, आमच्यासाठी पत्रेच होते. तिने त्याला चहा दिला. मग विचारलं, "त्यायले माहीत नव्हतं काय, तिथं गडी राह्यतात म्हून?"

"माहीत असंन, मावशी. पन रॉकेटाले काय समजते?"

"रॉकेटाले नाही. सोडनाऱ्याले इचारून राह्यली मी."

कप तसाच ठेवून तो उठला.

ती पुन्हा निंदणाला आली नाही. शेलूबाजारला मुलीकडे राहायला गेली. मी एकदा त्या वाटेने जाताना उतरले होते. ती दारात बसली होती. ओळखलं, आतून पाणी आणून दिलं, माझ्या नातवाचं विचारलं. जीप येईपर्यंत आम्ही दोघी बसून होतो.

लढाई थांबली. कोण जिंकलं यावर ओट्यावर अजून वाद होतात. त्या तळावरचे शिपाई सगळे वाचले. आचारी त्या वेळी भटारखान्यात कणीक मळत होता, म्हणून तो वाचला. ती वाचली असं म्हणवत नाही, ती नुसती आहे.