दीपकचं शेवटचं वाक्य

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आमच्या पोस्टवर शेल पडला. लान्स नायक दीपक मोरे त्यात मारला गेला. दहा पंचवीसला मी रेडिओ सेटवर हेडक्वार्टरला, म्हणजे ‘झीरो’ला, कळवत होतो.

“वन फॉर झीरो. एक कॅज्युअल्टी. ओव्हर.”

“कंडिशन? ओव्हर.”

“फेटल. ओव्हर.”

“नंबर पाठव. ओव्हर.”

सेटवर नाव घेत नाहीत. मी त्याचा आर्मी नंबर सांगितला. तो मला पाठ होता.

आमची पलटण मिश्र होती. पोस्टवर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, आणि दोघंही ग्वाल्हेरचे, तिथल्या लष्कर भागातले. मी हवालदार, त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. सुट्टीवरून येताना मी इंदरगंजच्या लायब्ररीतली पुस्तकं आणायचो, म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. सीमेवरच्या कादंबऱ्या मला विशेष आवडत. एकदा त्याने विचारलं, “मास्तर, तुमच्या किताबीत कोणी डाळ शिजवतं का?” मी पानं चाळून पाहिली. कोणी शिजवत नव्हतं. आमची डाळ त्या उंचीवर दोन तास शिजत नसे, आणि पोस्टवर सगळ्यांत जास्त बोलणं तिच्याविषयीच व्हायचं.

शेलिंग रोज नसे. रोज असायचं ते पाण्याचं खेचर, सँडबॅग आणि वाट पाहणं. नाल्यापलीकडे, सीमेच्या त्या बाजूला, त्यांचं गाव होतं. तिथे लग्न असलं की ढोलक आमच्यापर्यंत ऐकू यायची. दीपक जेवणाच्या मेसटिनवर ठेका धरायचा आणि त्यांचा ढोलकवाला लय सोडतो म्हणून चिडायचा. सीमेवरची गाणी मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांत शिपायाला घरची आठवण येते, हे खरं आहे. पण पलीकडच्या लग्नात लय चुकली म्हणून वैतागलेला शिपाई मला अजून कोणत्याही गाण्यात भेटलेला नाही.

त्या दिवशी दुपारी कंपनी कमांडर वर आले. ते दक्षिणेकडचे. घरी जाणारं सरकारी पत्र इंग्रजीत होतं. मला म्हणाले, “उसकी माँ को तू लिख. मराठी में. अच्छा लिखना.”

चार वाजता लिहायला बसलो. काय घडलं ते तीन ओळींत संपलं. कागद रिकामा दिसत होता. मग मी लिहिलं की जाताना तो म्हणाला, “आईला सांगा, मी एक पाऊलही मागे घेतलं नाही.” दीपक असं काही म्हणाला नव्हता. ते मी वाचलेल्या पुस्तकांतल्या शिपायांचं बोलणं होतं.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. मी नायब सुभेदार होऊन निवृत्त झालो आणि घरी आलो. दीपकच्या आईला मी काकू म्हणतो. त्या धाकट्या मुलाकडे, ग्वाल्हेरच्याच सिटी सेंटर भागात राहतात. दर वर्षी त्या तारखेला घरच्यांना बसवून त्या ते पत्र मोठ्याने वाचतात. मलाही बोलावतात. घरी आल्यापासून मी दर वेळी खाली मान घालून ऐकलं.

यंदा दीपकची पुतणी ऋचा हिने त्याच्यावर नाटक बसवलं. कॉलेजची मुलं, तालीम फूलबागेजवळच्या एका हॉलमध्ये. ती मला न्यायला आली. “काका, तुम्ही एक बार बघून घ्या ना. कुछ गलत असेल तर सांगा.”

वर्दी चुकली होती, ती सांगितली. नाटकात पलीकडचे लोक फक्त खलनायकासारखे हसत होते, तेही खटकलं म्हणून सांगितलं. शेवटी दीपक झालेला मुलगा गुडघ्यांवर आला, मागे तबला सुरू झाला आणि त्याने माझं वाक्य तीनदा म्हटलं. ऋचा म्हणाली, “क्लायमॅक्स हाच आहे. आजी पहिल्या रांगेत बसणार.”

प्रयोगाला दहा दिवस होते. मी तिला दोन दिवस थांबायला सांगितलं. गप्प राहिलो, तर माझं खोटं भरल्या सभागृहात त्या बाईंसमोर उभं राहणार होतं. बोललो, तर त्यांनी इतकी वर्षं ज्याचा आधार घेतला, तेच काढून घेणार होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. काकू गॅलरीत पेपर वाचत होत्या. ऋचाही घरी होती.

“काकू, पत्रातलं ते वाक्य दीपकचं नाही. मी घातलं. तो काहीच बोलला नाही. वेळच नव्हता.”

त्यांनी पेपरची घडी घातली. म्हणाल्या, “म्हणजे सतरा वर्षं मी तुझं वाक्य म्हणते आहे.”

त्यांनी चहा विचारला नाही. मी उठलो, तेव्हा म्हणाल्या, “बस. मग तो करत काय होता?”

“तारेवरचे मोजे काढायला गेला होता.”

“वाळले होते?”

“एक वाळला होता. एक ओला होता.”

“दोन्ही वाळेपर्यंत थांबला नसेल,” त्या म्हणाल्या. “कधीच थांबायचा नाही.” मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

दारात उभ्या असलेल्या ऋचाने विचारलं, “आजी, मग आता शेवटी काय दाखवू?”

“मोजे काढताना दाखव.”

“लोकांना समझेगा नहीं, आजी.”

“मला कळेल.”

प्रयोगात दीपक दोरीकडे चालत गेला, एक मोजा हातात घेतला आणि दिवे गेले. लोकांना नाटक संपलं हे कळायला वेळ लागला. मागे कोणीतरी “बस, इतना ही?” म्हणालं. काकू सरळ बसून होत्या.

आता मी दर सोमवारी त्यांच्याकडे जातो. त्या दीपकविषयी एखादी गोष्ट विचारतात. मी पाहिलेलं सांगतो. जे पाहिलं नाही, त्याविषयी माहीत नाही म्हणतो.