आधीच भरलेलं ‘नाही’
हे मी आजवर कुणाला, बायकोलाही, सांगितलेलं नाही. काल खणात लाल शाईचं जुनं पेन सापडलं आणि सदाशिव पेठेतल्या त्या हॉस्पिटलचा स्पिरिटचा वास नाकात शिरला. तिथल्या एक वयस्कर सिस्टर पेशंटची अ‍ॅलर्जी केसपेपरवर लाल शाईने लिहायच्या. मी तिथे नोंदींसाठी कॉम्प्युटर बसवले. अ‍ॅलर्जीचा रकाना रिकामा राहिला की नोंद अडायची, म्हणून मी सगळीकडे आधीच ‘नाही’ भरून ठेवलं. “अहो इंजिनिअर, न विचारताच नाही? ज्योतिषही शिकलात वाटतं!” सिस्टर म्हणाल्या. मी हसलो. महिन्याभरात मांजरी गावच्या एका आजोबांना, स्क्रीनवर ‘नाही’ दिसलं म्हणून, अ‍ॅलर्जी असलेलंच इंजेक्शन दिलं गेलं. घुसमटले, कसेबसे वाचले. चौकशीत ठरलं की नोंद सिस्टरांनी चुकवली. मी समोरच बसलो होतो, गप्प. त्यांची नोकरी गेली. जाताना हे पेन माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. आता त्याच जुन्या नोंदींवरून औषधं सुचवायला एआयला शिकवायचंय, आणि नोंदी खऱ्या असल्याची सही माझी हवी आहे. “एवढं कोण बघतंय?” आमचे साहेब म्हणाले. मी बघतोय. सही देणार नाही, साहेब, काय करायचं ते करा. सिस्टरांना मात्र, चूक माझी होती, एवढं एक वाक्य मी अजून लेखी देणं लागतो.